‘दहा वर्षांनी डिझेल गाडीचा ईसीयू जातोच’ या मेसेजची जरा वायरिंग तपासू

सगळ्या गाडीवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. थोडक्यात असा: जुन्या डिझेल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आणि पिकअप गेला की समजायचं ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, दहा वर्षांनी तो जातोच. आधी रात्रभर बॅटरी काढून ठेवा, रिसेट होईल. नाही झाला तर स्कॅनर जो सेन्सर दाखवेल तो बदला, स्कॅनर लागतच नसेल तर ईसीयू मेलाय. मग नवीन कशाला, भंगारातून त्याच मॉडेलचा आणून लावा. आणि वर बोनस म्हणून ईजीआर (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाका. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

आपल्याकडे जुनी डिझेल म्हटलं की बऱ्याचदा तेच फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट असतं, २००७ ला स्विफ्टमध्ये डीडीआयएस म्हणून आलं, टाटाने क्वाड्राजेट म्हणून विकलं, आपल्या रांजणगावला पण बनायचं. म्हणून बोलताना तेच डोळ्यासमोर ठेवतो, पण बाकी कॉमन रेलवाल्यांनाही (म्हणजे एकाच जाड पाईपात, रेलमध्ये, डिझेल दाबाने भरून तिथून सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या इंजिनांना) यातलं बरंचसं लागू आहे.

पहिला मुद्दा, दिवा लागला म्हणजे ईसीयू गेला. अहो, दिवा लावला कोणी? ईसीयूनेच ना. त्याला एखादं रीडिंग हिशोबाबाहेर दिसलं, त्याने कोड नोंदवला, इंजिनला इजा होऊ नये म्हणून डिझेल आणि टर्बोचा बूस्ट कमी केला, यालाच लिंप मोड म्हणतात. पिकअप गेला म्हणजे तो काम करतोय. उलट चावी फिरवली आणि चेक इंजिन दिवा लागलाच नाही, तेव्हा थोडी काळजी करा, आणि तेव्हाही आधी मेन रिले आणि फ्यूज बघा कारण ईसीयूला सप्लायच तिथून येतो. दहा वर्षांत जातो म्हणावं तर रस्त्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या स्विफ्ट ओरिजिनल ईसीयूवर पळतायत. जातात ते बहुतेक काहीतरी घडून जातात: जंप स्टार्ट करताना केबल उलट्या लावल्या, बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग केलं, किंवा गाडी पाण्यात बुडाली. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाडीचा ईसीयू गेला तर त्यात वयाचा काय संबंध.

दुसरा, बॅटरी काढून ठेवा. बऱ्याच ईसीयूंमध्ये कोड अशा मेमरीत असतात की बॅटरी आठवडाभर काढली तरी हलत नाहीत. आणि ज्यात पुसले जातात तिथे तर आणखी वाईट, कारण कोडबरोबर त्या क्षणाची नोंद पण जाते, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती होता, पाणी किती गरम, रेल प्रेशर किती. मेकॅनिकला कामाचं तेवढंच असतं आणि तुम्ही ते पुसून गाडी त्याच्याकडे नेता. तुटलेली वायर रात्रभरात जोडली जात नाही, सकाळी दिवा गेलेला दिसतो आणि दहा-वीस किलोमीटरवर परत लागतो. हां, बॅटरीशी संबंध आहे, पण वेगळा, खाली सांगतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. स्कॅनर सेन्सरचं नाव सांगत नाही, तो सर्किटचं नाव सांगतो. पी०३३५ म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचं सर्किट, त्यात सेन्सर आला, त्याचा कपलर (वायरीचा प्लग) आला, इंजिनच्या गरमीत कडक झालेल्या वायरी आल्या आणि शेवटी ईसीयूची पिन आली. पी००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी, यात प्रेशर सेन्सर बदलणारे लोक आहेत, आणि दोष असतो चोक झालेल्या डिझेल फिल्टरचा, नाहीतर पाईपातून हवा ओढली जात असते, नाहीतर एखादं इंजेक्टर रिटर्नला भसाभस डिझेल सोडत असतं. चालू न होणाऱ्या गाडीत सेल्फ मारताना स्कॅनरवर लाईव्ह डेटा बघा. आरपीएम शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सरकडे वळा. आरपीएम येतोय पण प्रेशर साधारण २०० बारच्या आसपास पण चढत नाहीये, तर ईसीयू इंजेक्टर उघडायला परवानगीच देत नाही, मग डिझेलच्या लाईनकडे वळा. एवढ्याने अर्धा शोध संपतो आणि एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

आणि एकदम चार-पाच कोड आले की लोक घाबरतात, ‘एवढे सेन्सर एकदम कसे जातील, ईसीयूच गेला’. अर्धं बरोबर आहे, एवढे सेन्सर एकदम जात नाहीत. पण बऱ्याच सेन्सरना ईसीयूतून ५ व्होल्टचा एकच सप्लाय वाटून दिलेला असतो, त्यातली एक वायर कुठे घासून बॉडीला टेकली की सगळेच आंधळे होतात. आमच्या ओळखीत एका २०१० च्या डिझेल सेडानला असंच झालं, रेल प्रेशर, बूस्ट आणि अॅक्सिलरेटर पेडल तिघांचे कोड एकत्र, एका गॅरेजने ईसीयूचं कोटेशन देऊन ठेवलेलं. दुसऱ्या वायरिंगवाल्याने चावी ऑन ठेवून मल्टिमीटर ५ व्होल्टच्या वायरला लावला, रीडिंग जेमतेम अर्धा व्होल्ट. मग त्या सप्लायवरचे कपलर एकेक करून काढत गेला आणि रेल प्रेशरकडे जाणाऱ्या वायरींचा मधला कपलर काढल्याबरोबर मीटर टुणकन ५ वर. त्या कपलरच्या पुढच्या हार्नेसवरची (वायरींच्या जुडग्यावरची) काळी जाळीदार नळी एका ब्रॅकेटच्या कडेला घासून फाटलेली, आत तांबं उघडं. टेप, नवीन स्लीव्ह, एक क्लिप, काम झालं. सगळे कपलर काढूनही ५ व्होल्ट आले नसते, ती वायर स्वतः कुठे बॉडीला टेकत नसती, आणि ईसीयूचा सप्लाय आणि अर्थ (बॉडीतून निगेटिव्हला जाणारं कनेक्शन) दोन्ही नीट असते, तरच बोट ईसीयूकडे दाखवायचं.

अर्थ म्हटल्यावर आता ती बॅटरीची गोष्ट. जुन्या गाडीत मला पहिला संशय इथेच येतो आणि हे कोणी बघत नाही कारण यात कोणाला पार्ट विकता येत नाही. उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये, त्याखाली गेलं की ईसीयू बावचळतो आणि काहीबाही कोड टाकतो, अगदी पी०६०६ सारखा प्रोसेसरचा कोड सुद्धा. आता मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट किंवा वर दिसला तर अर्थची पट्टी खराब. ती पट्टी काढून बघाल तर बाहेरून बरी दिसते आणि बोल्टखाली हिरवी-पांढरी पूड जमलेली असते, कोकणात तर हमखास. सॅण्डपेपर मारून, घट्ट करून, वर थोडं ग्रीस. कपलरच्या पिनाही तशाच बघा, आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी बघायला बॅटरीचा ट्रे काढावाच लागतो, वरून दिसत नाहीत. फक्त एक, इंजेक्टरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे उघडताना ६०-७० व्होल्टच्या वर झटका जातो आणि मग खरंच ईसीयू जाईल.

‘स्कॅनर लागत नाही म्हणजे ईसीयू मेला’, हे तर बिलकुल नाही. आपल्याकडे ओबीडी-१ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगायची पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या गाडीला तुमचं ब्लूटूथवालं स्वस्त डोंगल लागेलच याची खात्री नाही, त्या मेकचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. आणि बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटला सप्लाय सिगरेट लायटरच्या फ्यूजवरून जातो. चार्जरने फ्यूज उडवला की ‘ईसीयू मेला’. १६ नंबरच्या पिनला १२ व्होल्ट आहेत का, ४ आणि ५ ला अर्थ आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

चौथा, भंगारातला ईसीयू. मॉडेल सेम असून भागत नाही, स्टिकरवरचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर जुळावा लागतो, आणि ते जुळलं तरी त्यात इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) डेटा दुसऱ्याच्या चावीचा असतो. लावला की सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, किंवा होऊन लगेच बंद पडते. पुढे पुष्कळ इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरलेला असतो, तो दुसऱ्याचा राहिला की गाडी चालते खरी पण खडखड आवाज, धूर आणि आयडलला हेलकावे. म्हणून ईसीयू खरंच गेला असेल तर आधी स्वतःचाच उघडून दुरुस्त होतो का बघा, पाणी शिरलेलं किंवा एखादी ड्रायव्हर चिप उडालेला बोर्ड बऱ्याचदा होतो, आणि चावीचा डेटा जागेवर राहतो. नाहीच झाला तर जुन्यातला डेटा वाचून दुसऱ्यात टाकणारा माणूस गाठा. जुना ईसीयू भंगारात देऊ नका, डेटा त्यातच आहे.

ईजीआरबद्दल फार नाही लिहीत. बंद केल्यावर दिवा जातो कारण सॉफ्टवेअरमधून तो कोडच काढून टाकतात. पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून धूर कमी जातोय, असा कोड आला असेल तर व्हॉल्व्ह काढून बघा, काजळीने जाम असतो, क्लीनर मारून साफ करा, गॅस्केट नवीन टाका. एअर फ्लो सेन्सर पण त्याच वेळी धुवा, पण एअर फ्लो सेन्सरसाठी मिळणाऱ्या वेगळ्या स्प्रेनेच, ब्रश लावू नका, आत तार नाजूक असते. मग कोड पुसा आणि आठवडाभर चालवून परत स्कॅन करा. तोच कोड परत आला तर मात्र वायरिंग बघायला लागेल, वर लिहिलंय तसं मीटर घेऊन.