जन्मभराची बंदी मागण्याआधी

दोषी ठरलेल्या पुढाऱ्यांना जन्मभर निवडणूक लढवू देऊ नका, ही याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली काही वर्षं रेंगाळते आहे. आजच्या कायद्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सुटकेनंतर सहा वर्षं बंदी. ती पुरेशी आहे आणि वाढवायची तर तो संसदेचा अधिकार, असं केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्यावर आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा शेरा: "अमेरिकेत असले लोक वर येतात का बघा." मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर.

येतात, काका. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं आणि नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. स्वतःचं मतही त्यांनी फ्लोरिडात दिलं. फक्त संघराज्याच्या कायद्याने त्यांना पिस्तूल बाळगता येत नाही. सैन्याचे सरसेनापती, पण दुकानातून बंदूक घेता येणार नाही!

तो कायदा १९६८ चा. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलात की बंदूक जन्मभरासाठी गेली. प्रत्यक्षात तुरुंगात गेलात की नाही याला महत्त्व नाही. (त्याच कलमाच्या यादीत तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशीही आहेत. म्हणजे एच-वन-बीवरचे आपले इंजिनिअर आणि दरोडेखोर एका ओळीत.) आमच्याच राज्यातल्या एका गृहस्थाने १९९५ मध्ये उत्पन्न कमी दाखवून फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नधान्यासाठी मिळणारी सरकारी मदत) घेतले. २,४५८ डॉलर परत केले, तुरुंगवास झाला नाही, तरी बंदूक बंद. फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. मला बंदुकांचं प्रेम नाही, इथल्या शाळांच्या बातम्या वाचून तर मुळीच नाही. पण मारहाण करणारा आणि रेशनात लबाडी करणारा यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. आपला १९५९ चा शस्त्र कायदा इथे जास्त शहाणा वाटतो: हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं परवाना नाही. पुढे पोलिसांच्या अहवालावरून परवाना देणारा अधिकारी ठरवतो.

मताधिकाराची गोष्ट याहून वाईट. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्यांना मत देता येत नव्हतं. २०१८ मध्ये जवळपास ६५ टक्के मतदारांनी त्यातल्या बहुतेकांवरची ही बंदी उठवली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली की आधी दंड आणि कोर्टाची सगळी फी भरा. कुणाची किती बाकी आहे, याची एकत्रित नोंद राज्याकडेच नव्हती. जन्मभराची बंदी म्हटली की काकांना मंत्री दिसतात. इथे ती ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्याकडे वकील ठेवायलाही पैसे नसतात.

शिवाय आपल्याकडच्या पुढाऱ्याचं बंदीने फारसं अडत नाही. नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाल्यावर सुनील केदारांची आमदारकी गेली, तर २०२४ मध्ये सावनेरातून तिकीट त्यांच्या पत्नीला मिळालं. त्या हरल्या, ती गोष्ट वेगळी. बंदी सहा वर्षांची असो की साठ, तिकीट घराबाहेर जात नसेल तर उपयोग काय?

आपल्याकडे मला खरी बोचते ती दुसरीच गोष्ट. सुटलेला कैदी भारतात दुसऱ्या दिवशी मत देऊ शकतो, हे चांगलंच. पण खटल्यापायी किंवा शिक्षेपायी तुरुंगात असलेल्या कुणालाच मत नाही, आणि आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांना निवडणूक मात्र लढवता येते! इंजिनिअर रशीद तिहारमध्ये असताना २०२४ मध्ये बारामुल्लातून खासदार झाले. इथे पेन्सिल्व्हेनियात जामिनाअभावी कोठडीत असलेला माणूस टपालाने मत देतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कैद्यांच्या मतावरची ही बंदी योग्य ठरवताना दिलेल्या कारणांत एक बंदोबस्ताचं आणि मनुष्यबळाचं होतं. पण प्रतिबंधात्मक कायद्याखाली, म्हणजे खटल्याशिवाय, स्थानबद्ध असलेल्यांना आपल्याकडेही टपाली मतपत्रिका मिळते. तुरुंगात पोहोचणारी ती मतपत्रिका शेजारच्या बराकीतल्या कच्च्या कैद्याला द्यायला आणखी किती शिपाई लागतील?