मेणबत्ती विझली म्हणून कोणी मरत नाही

मंगळवारी रात्री ऐरोलीहून मावशीचा फोन आला. आवाज पार बसलेला. "बाय, ते हिरवं कडं मी टेबलावरून काढलंय. गॅलरीत ठेवलंय, उद्या कचऱ्यात देते." मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, "मेसेज नाही वाचलास? तुझ्या काकांच्या वेळी पण विझली होती ना."

मग मी तो मेसेज शोधला. माझ्याच फोनवर तीन ग्रुपांत येऊन पडला होता, मी न वाचता सोडला होता. त्यात जे आहे ते थोडक्यात असं: ॲडव्हेंटचं पुष्पचक्र घरात ठेवू नका, पुष्पचक्र मेलेल्या माणसाला वाहतात, ते घरात आलं की मरण येतं. प्रार्थना संपायच्या आत त्यावरची मेणबत्ती विझली तर वर्षाच्या आत घरातला एक माणूस जातो. हे मूळचं सूर्यपूजकांचं चाक आहे, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात देवाने ते मना केलंय. गुलाबी मेणबत्ती जादूटोण्याची. बायबलमध्ये ॲडव्हेंट नाही, चर्चची मान्यता नाही, आपल्या पूर्वजांनी असलं काही केलं नाही, आणि फादरांशिवाय घरी केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही. शेवटी, बारा कुटुंबांना पाठवा.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, इंग्रजीत ॲडव्हेंट. यंदा तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला. हिरव्या फांद्यांचं एक गोल कडं करायचं, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. घरचे सगळे भोवती बसतात, कोणीतरी शास्त्रपाठ वाचतं, एक गाणं, रोझरीचं म्हणजे जपमाळेचं एक दशक, दहा मण्यांची प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटांत संपतं. एवढंच आहे ते.

आता त्या मरणाच्या गोष्टीकडे येते, कारण माझा सगळा राग तिच्यावर आहे.

गेल्या वर्षी १५ डिसेंबरला, तिसऱ्या रविवारी, मी मावशीकडेच होते. खाडीचे डास म्हणून संध्याकाळी खिडक्या बंद आणि पंखा चालू. गुलाबी मेणबत्ती त्या दिवशी पहिल्यांदाच लावलेली. तिची वात आखूड होती, वितळलेलं मेण भोवती साचलं आणि वात त्यात बुडाली. वाचन अर्ध्यावर असताना ती विझली. काकांनी काय केलं ते मला स्पष्ट आठवतं. त्यांच्या डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी होती, आदल्याच दिवशी जाऊन आले होते. उजव्या हाताने त्यांनी पहिल्या रविवारची बुटकी झालेली जांभळी मेणबत्ती उचलली, गुलाबीचं मेण थोडं ओतून टाकलं आणि जांभळीवरून गुलाबी परत पेटवली. म्हणाले, "वाच पुढे." फेब्रुवारीत काका गेले. चार वर्षं किडन्या काम करत नव्हत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं, शेवटी हृदयाने साथ सोडली. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आणि आता मावशी दहा महिन्यांनी हिशेब मांडून बसली आहे, की पंखा बंद केला असता तर माणूस राहिला असता. हा हिशेब तिच्या डोक्यात ज्याने घातला त्याला मी क्षमा करायचा प्रयत्न करते आहे, अजून जमलेलं नाही.

जरा विचार करा. ही मेणबत्ती चार आठवडे पुरवायची असते. प्रार्थना झाली की ती विझवायचीच असते, पुढच्या रविवारी परत लावायची असते. म्हणून तर चौथ्या रविवारी चौघींची उंची पायऱ्यांसारखी दिसते, पहिली सगळ्यात बुटकी. विझलेल्या ज्योतीने माणूस मरत असता तर ती मुद्दाम विझवणाऱ्या घरांत कोणी उरलंच नसतं. वारा आला, मेण साचलं, वात वाकडी निघाली, यातलं कुठलंही कारण पुरतं.

आणि ज्या बायबलचं नाव घेऊन हे पाठवलंय त्यात काय आहे? यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाच्या सेवकाविषयी लिहिलंय की तो चेपलेला बोरू मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ते वचन येशूलाच लावलंय. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूने लोकांना विचारलं, ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात आहे, कोणीही उघडून बघावं. असल्या देवाच्या नावाने विधवा बाईला तू पंख्यामुळे नवरा घालवलास असं सांगायचं, यासारखं पाप नाही.

पुष्पचक्राचं म्हणाल तर हा नुसता भाषांतराचा घोळ. इंग्रजीत रीथ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, मराठीत कोणीतरी त्याचं पुष्पचक्र केलं आणि ते आपण हुतात्मा स्मारकावर वाहताना पाहतो. झेंडूची माळ दसऱ्याला दारावर चढते आणि प्रेतावरही पडते. म्हणून दसऱ्याला तोरण बांधायचं कोणी थांबवलंय का? आमच्या घरात ह्याला पहिल्यापासून हिरवं कडं म्हणतात.

सूर्यपूजकांचं चाक. चाक होतं, हे खरं आहे, पण ते गाडीचं. १८३९ साली जर्मनीत हांबुर्गला योहान हिन्रिख विचर्न नावाचे धर्मशास्त्राचे एक ल्यूथरन अभ्यासक गरिबांच्या मुलांसाठी घर चालवत होते. नाताळ कधी येणार, म्हणून मुलं रोज विचारायची. त्यांनी लाकडी चाकावर आठवड्याच्या दिवसांच्या वीस छोट्या आणि रविवारांच्या चार मोठ्या मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावायला सुरुवात केली. फांद्या नंतर आल्या, चार मेणबत्त्यांचं घरगुती रूप त्याहून नंतर. ख्रिस्तपूर्व काळात रोमन लोक हिवाळ्याच्या सणाला हिरव्या फांद्या लावत, तेवढं मान्य. पण त्यांच्यापासून ह्या कड्यापर्यंत ओढलेली रेघ कोणी कागदावर दाखवलेली नाही. यिर्मयाचा दहावा अध्याय तर पूर्ण वाचावा. तिथे कारागीर झाड तोडून त्याची मूर्ती घडवतो, सोन्याचांदीने मढवतो, पडू नये म्हणून खिळे ठोकतो, आणि असल्या मूर्तींना भिऊ नका, असं आहे. सुरूच्या फांद्यांपुढे माझी मावशी वाकत नाही.

बायबलमध्ये ॲडव्हेंट हा शब्द नाही, बरोबर. मोशेच्या नियमशास्त्रात यहुद्यांचा मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सणही नाही, तो पुष्कळ नंतर सुरू झाला. तरी योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू त्याच सणाला, हिवाळ्यात, मंदिरात फिरताना दिसतो. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची. त्या दिवशी मिस्सेला फादरांनाही गुलाबी वस्त्र घालता येतं. याहून जास्त त्यावर बोलायची गरज नाही.

चर्चची मान्यता नाही, हे मात्र धडधडीत खोटं. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने २००१ साली लोकभक्ती आणि उपासना यांवर एक मार्गदर्शिका काढली. तिच्या ९८ व्या परिच्छेदाचा विषयच हे कडं आहे. अनेक ख्रिस्ती घरांत ते आगमनकाळाचं चिन्ह झालंय, रविवारमागून रविवार वाढत जाणारा उजेड म्हणजे ख्रिस्त येण्याआधीच्या तारणाच्या इतिहासाच्या टप्प्यांची आठवण, लांबलेल्या रात्रीत हळूहळू पसरत गेलेला संदेष्ट्यांचा प्रकाश, असा त्याचा अर्थ तिथे दिलाय. मरणाचा शब्द नाही. घरच्या प्रार्थनेचं उत्तर त्याहून जुनं आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, असं सांगताना येशूने फादर हवेतच अशी अट घातली नाही.

पूर्वजांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. माझ्या आजीच्या घरात हे कडं नव्हतं. तिच्याकडे संध्याकाळची रोझरी होती, नाताळाआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना होती, आणि डिसेंबरात सगळ्यांनी मिळून काट्याच्या पाठीवर कुलकुलं, नाताळचा गोड पदार्थ, वळायची. कडं आमच्याकडे आईने आणलं, फादरांनी चर्चमध्ये दाखवल्यावर. पण रोझरी तरी कुठे इथे उगवली होती? बाहेरूनच आली आणि आजीच्या बोटांत बसली.

घाबरायचंच असेल तर एका गोष्टीला घाबरा, जी त्या मेसेजमध्ये नाही. सुरूच्या किंवा मोरपंखीच्या फांद्या चौथ्या रविवारपर्यंत कडकडीत वाळतात. मेणबत्ती खाली आली की ठिणगीचं काम. पडद्यापासून लांब ठेवा, खाली स्टीलचं ताट ठेवा, फांद्या मधे एकदा बदला, पोरं एकटी असताना लावू नका.

बुधवारी सकाळी मी मावशीला परत फोन केला. यशयाचं ते वचन वाचून दाखवलं आणि काका "वाच पुढे" म्हणाले होते ते आठवतंय का, असं विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. कडं अजून गॅलरीतच आहे, म्हणाली, कचरेवाला आला तेव्हा ती उठलीच नाही. येत्या रविवारी गुलाबीची पाळी. मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून ताज्या फांद्या घेऊन संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघते आहे. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "पंखा बंद ठेवायचा ना?" मी म्हटलं, डास असतील तर चालू ठेव, विझली तर परत लावू.