चांदीचं खवले मांजर आणि आमची फोडणी

झिम्बाब्वेतल्या हरारेत संसार थाटला की घरात दोन गोष्टी येतातच, इन्व्हर्टर आणि चांदीचे प्राणी. पहिला येतो लाईट जाते म्हणून आणि दुसरे येतात बायकोच्या मैत्रिणींकडे आहेत म्हणून. आमच्याकडे सध्या जिराफाचा मेणबत्ती स्टँड, सोंड वर केलेला हत्ती, टूथपिक खोचायची सायाळ आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे खवले मांजर (पँगोलिन), असा परिवार आहे. किमती विचारू नका, मी पण विचारत नाही, नुसते हप्ते भरतो.

काम मात्र खरंच अफाट असतं हां. आधी मेणाचा प्राणी कोरतात, त्याच्याभोवती प्लास्टरसारखा साचा ओततात, मग भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत चांदी ओततात. पुढे एकेक खवला हाताने घासूनपुसून उठवायचा. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून 92.5 टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, पोटाखाली 925 चा शिक्का. आणि शेवटी, इथेच सगळी गोची आहे, खवल्यांच्या फटीत मुद्दाम काळं करतात, म्हणजे खवले उठून दिसतात.

आता मुद्दाम केलेलं काळं कुठलं आणि आमच्या फोडणीने आलेलं काळं कुठलं, हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. चांदीला गंधक लागला की ती काळी पडते, आणि आमचं किचन ओपन, त्यात रोज कांदा, लसूण, वर हिंग, रविवारी अंडाकरी, म्हणजे गंधकाचा कारखानाच. दर महिन्याला मी मऊ फडकं आणि कानात घालायच्या काड्या घेऊन त्या सायाळीचा एकेक काटा पुसत बसतो, आणि मागून आवाज येतो, "अरे तेवढं नको काढूस, ते डिझाईन आहे!" पाच मिनिटांनी परत, "हे काय, इथलं राहिलं की." फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा युट्यूबवरचा उपाय छान चालतो, पण त्यात कलाकाराचं काळं आणि आपलं काळं दोन्ही जातं, त्याला भेदभाव कळत नाही.

आणि अशात चिपळूणहून आई आली. तिने खवले मांजर लगेच ओळखलं, "हे तर आमच्या माहेरच्या रानात असायचं," म्हणाली. मी पण माहिती दिली की इथल्या शोना लोकांत पूर्वी असं मांजर सापडलं की गावच्या प्रमुखाला भेट द्यायचे, आता जंगलातल्याला हात लावला तर किमान 9 वर्षं तुरुंग. 2017 पासून याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे वगैरे पण सांगत होतो, पण तिचं लक्ष फटींकडे. "काय रे, चांदी एवढी काळी ठेवतात? घरात लक्ष्मी येईल का अशाने?" हे वाक्य ऐकून बायको चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येतो तर टेबलावर मोदकाच्या साच्यासारखं लख्ख काहीतरी. आईने बॅगेतली रांगोळी आणि जुना टूथब्रश घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत घासलं होतं. देवघरातल्या निरांजनाला जे चालतं ते सगळ्याला चालतं हा तिचा सरळ हिशोब. खवले आहेत की नाहीत ते हात लावून बघावं लागत होतं. जंगलातल्याला 9 वर्षं, चांदीच्याला रांगोळी लावली तर जन्मठेप, हे मला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. आईला काय बोलणार, त्यामुळे सगळं मलाच.

शेवटी एका चांदीच्या कारागिराला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा शांतपणे म्हणाला, काही नाही, गंधकाच्या द्रावणात बुडवून परत काळं करता येतं, मग वरवर पॉलिश, रांगोळीचे चरे काढायचे वेगळे, एवढे एवढे डॉलर. मी आईला मराठीत समजावून सांगितलं.

"म्हणजे पैसे देऊन काळं करायचं?" आई लसूण सोलता सोलता म्हणाली. "आण इकडे ते, ठेव शेगडीच्या बाजूला. मी आहे अजून महिनाभर."