फणस पडला, पाडला नाही

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि शेजारच्या दापोलीलाही त्याने सोडले नाही. टाळेबंदीमुळे मार्चपासून गावच्या घरी अडकलेला मी, आई आणि आत्या असे तिघे माजघरात देवाचे नाव घेत बसलो होतो. वारा पडल्यावर मागचे दार उघडले, तेव्हा जिथे फणस असायचा तिथे नुसते आभाळ होते. गडगा, म्हणजे परसाची दगडी भिंत, मोडला होता, न्हाणीची कौले गेली होती. पण घर वाचले होते. झाड बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचे. आत्या म्हणाली, "बरका असला, तरी पडताना शहाण्यासारखा पडला हो."

पहिले काही दिवस आम्ही त्याचे फणसच निस्तरत होतो. वीज नव्हती, रस्ते बंद होते, आणि ज्याच्याकडे फणस द्यायला जावे तोच आपल्या पडलेल्या झाडाचे दोन फणस आमच्या हातात ठेवून आमची पाठवणी करत असे. तोवर मी त्या झाडाकडे लाकूड म्हणून पाहिले नव्हते. मग एक जळाऊ लाकडाचा व्यापारी आला आणि त्याने अशी किंमत सांगितली की, ती ऐकून माझ्यातला वंशाचा अभिमान जागा झाला. बुंध्याचा घेर 8 फूट आणि पहिल्या फांदीपर्यंत सरळ 12 फूट लांबी! पणजोबांनी लावलेले हे झाड चुलीत जाणार नाही, याचा पडवीत झोपाळा होईल, असे मी जाहीर केले. इतकी वर्षे त्या झाडाखालून मान वर न करता गेलेली सगळी वाडी त्या दिवसापासून सल्ला द्यायला जमू लागली.

यंत्राच्या साखळी-करवतीने झाड कापणारा कटरवाला आठवड्याने मिळाला. आडव्या झाडाच्या खोडात एका बाजूला ताण असतो आणि दुसऱ्या बाजूला दाब. दाबाच्या बाजूने कापत गेले की फट मिटते आणि पाते आत अडकते. हे ज्ञान आम्हाला पाते अडकल्यावर झाले. ते सोडवायला पाचर, पहार आणि चार माणसे लागली, शिवाय फणसाच्या चिकाने साखळी इतकी माखली की घरातले दिव्यासाठी ठेवलेले रॉकेल तिला पुसण्यात गेले. शेवटी मुळाकडचा काप पुरा झाला आणि खोडाचे ओझे सुटताच, मातीसकट उपटलेले ते मुळांचे प्रचंड चाक धाडकन मागे जाऊन आपल्या खड्ड्यात बसले. दोन हात उंचीचा बुंधा ताठ उभा राहिला. कटरवाल्याने कटर टाकून उडी मारली, म्हणून त्याचे पाय शाबूत राहिले. आत्याने मात्र हात जोडले.

खरा घोटाळा यातूनच झाला. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातल्या अनुसूचीत फणसाचे नाव आहे, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे तर वाहतुकीचा परवाना लागतो, ही माहिती सल्लागारांपैकी एकाने नेमकी कापून झाल्यावर पुरवली. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांना मी वादळात पडलेले झाड दाखवायला नेले, तर तिथे सरळ उभा, स्वच्छ कापलेला बुंधा. ते बराच वेळ त्याच्याकडे आणि मग तितकाच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

"हे पडलेलं दिसत नाही. पाडलेलं दिसतंय."

मी त्यांना मुळांचे चाक, ताण, दाब हे सगळे समजावून सांगितले. झाड पडून पुन्हा उभे राहिले, हे वाक्य मला स्वतःलाही पटेनासे झाले, तेव्हा आत्या आतून फोन घेऊन आली. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, आकाशाकडे गेलेल्या मुळांसमोर, मांडीवर फणस घेऊन बसलेला तिचा फोटो त्यात होता. सरकारी कागदपत्रांत तो आजही असेल.

दीड टनाच्या आसपासचा तो ओंडका जागेवरून हलायला दिवाळी उजाडली, कारण पावसाळ्यात वाडीत कोणतेही वाहन शिरत नव्हते. सॉमिलवर मला लाकडाचे गणित कळले. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. म्हणजे 2 गुणिले 2 गुणिले 12, एकूण 48 घनफूट. खरे पाहता गोल ओंडक्यात 61 घनफूट लाकूड भरते. मालकांनी ओंडका विकत घेण्याची तयारी दाखवली ती 48 च्या हिशेबाने, आणि मी कापूनच हवा म्हटल्यावर कापणावळ सांगितली ती 61 च्या.

पहिल्या कापातच ठिणग्या उडाल्या आणि पाते तुटले. गाभ्याच्या जवळ, सालीपासून वीतभर आत, बोटाएवढा जाड खिळा होता. त्या खिळ्यावर घरात तीन दावे निघाले: आईच्या मते तो आजोबांच्या कंदिलाचा, काकांच्या मते बैलाच्या दाव्याचा आणि आत्याच्या मते कपड्यांच्या तारेचा. दुसऱ्या पात्याने दुसरा खिळा शोधला, त्यामुळे कोणाचाच दावा खोटा ठरला नाही. पात्यांचे पैसे अर्थातच मी दिले.

पण फळी उलगडली तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. आतला रंग ओल्या हळदीचा होता. हा रंग हवा लागून हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. याच लाकडाचा मृदंग होतो आणि तंजावरची वीणाही. मालकांनीसुद्धा त्या फळीवरून हात फिरवला, आणि लगेच पुन्हा किंमत विचारली.

लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष धरायचे असे म्हणतात, आणि माझ्या फळ्या दोन इंची होत्या. टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून ती ऑइलपेंटने रंगवून, मध्ये पट्ट्या घालून, मी त्यांची थप्पी पडवीत नेमकी झोपाळ्याच्या कड्यांखाली रचली, कारण कोरडी जागा तेवढीच होती. थप्पीची उंची बसायला बेताची निघाली. आत्याचा पानाचा डबा तिथे आला, मग उशी आली. दोन वर्षांनी सुतार आला, त्याने फळी ठोकून पाहिली आणि लाकूड तयार असल्याचे सांगितले. पण आत्या उठायला तयार नव्हती. हलणाऱ्या फळीपेक्षा न हलणारी बरी, असे तिचे म्हणणे पडले.

सुताराला चहा देऊन मी परसात घेऊन गेलो. उभ्या राहिलेल्या बुंध्याला एव्हाना कमरेएवढे धुमारे फुटले होते. त्यांच्या खाली, कपड्यांची तार बांधण्यासाठी, आत्याने एक नवा खिळा ठोकलेला होता.