मॅग्नेटोची प्लास्टिकची कोठडी आणि रक्तातलं लोखंड

गोव्यातल्या आमच्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्यांच्या फोनवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. एक्स-मेन सिनेमांत मॅग्नेटोला, म्हणजे हात न लावता धातू हलवणाऱ्या खलनायकाला, प्लास्टिकच्या कोठडीत ठेवतात ते म्हणे साफ चुकीचं, कारण "माणसाच्या रक्तात लोखंड असतं, गार्ड जवळ आला की ते ओढायचं, तलवार करायची आणि सुटायचं, लेखकांना शाळेतलं सायन्स पण येत नाही". सायन्स शिकवणारी माणसं सुद्धा हे पुढे पाठवतायत म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, "रक्तात लोखंड आहे म्हणजे ते चुंबकाने ओढलं जाणारच". नाही जात. हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या लाल पदार्थात, लोहाचे सुटे सुटे अणू असतात, एकेक अणू एका मोठ्या रेणूच्या मधोमध धरून ठेवलेला, आणि खिळा चुंबकाला चिकटतो तो त्यातले अब्जावधी अणू शेजारी शेजारी बसून एका दिशेला वळतात म्हणून, रक्तात तशी रचनाच नाही. उलट ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्येच मोजून दाखवलंय. पण हे इतकं किंचित असतं की 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) एमआरआय मशीनमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट ताकदीत, माणूस अर्धा अर्धा तास पडून राहतो आणि त्याच्या रक्ताला काही होत नाही, मात्र खिशात किल्ली राहिली तर धोका, म्हणून आत सोडायच्या आधी बेल्ट, किल्ल्या, केसातली पिन सगळं काढून घेतात.

आणि आपण गोव्याच्या माणसांनी तरी "लोह म्हटलं की चुंबक" असं म्हणू नये. डिचोली, सांगे भागात खाणीच्या रस्त्याकडेला पडलेला खनिजाचा लालसर जड तुकडा उचला, आपलं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, चांगल्या मालात निम्म्याहून जास्त वजन लोहाचंच, आणि तरी फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटत नाही (मॅग्नेटाइट हे लोहाचंच दुसरं खनिज मिसळलेला तुकडा मिळाला तर तो चिकटेल, ती गोष्ट वेगळी). मग रक्त कुठून चिकटणार?

यावर लगेच कोणीतरी कॉर्नफ्लेक्सची रील पाठवतं, चुंबक फिरवलं की काळी पूड गोळा होते ती. ती खरी आहे, पण तिथे कंपनीने धातूच्या लोखंडाची बारीक पूड वरून मिसळलेली असते. रक्तात अशी पूड नाही.

"तलवार करायची" म्हणे. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं 3 ते 4 ग्रॅम, त्यातलं साधारण दोन तृतीयांश रक्तात. सगळं काढलं तरी एक छोटा खिळा होईल, बस.

आता लेखकांना सायन्स येत नाही हा आरोप, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो कारण सिनेमा न बघताच तो केलाय. 2003 चा दुसरा भाग बघा. मॅग्नेटोची रूप बदलणारी साथीदार मिस्टीक बारमध्ये लॉरिओ नावाच्या गार्डला गाठते, बेशुद्ध करते आणि त्याच्या शरीरात लोखंड इंजेक्ट करते. नंतर तो जेवण घेऊन कोठडीत जातो तेव्हा मॅग्नेटोला लगेच जाणवतं की आज या माणसात काहीतरी वेगळं आहे, मग तो ते धातूचे बारीक कण अंगातून बाहेर खेचतो, त्यांचे गोळे करतो आणि तेच गोळे फिरवून प्लास्टिकच्या भिंती फोडतो. नेहमीच्या रक्तावर काम भागलं असतं तर हा सीन लिहायची गरजच काय होती? एवढा धातू अंगात घेऊन माणूस ड्युटीवर चालत येईल का, तर नाही येणार, तिथे सिनेमाने सूट घेतलीय हे मान्य. पण रक्तातलं लोह पुरणार नाही हे लेखकांना नक्की माहीत होतं, अख्खी सुटका त्यावरच उभी आहे.

एक मुद्दा मात्र वजनदार आहे. चुंबकत्व सगळ्याच वस्तूंवर थोडंफार चालतं, 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लामध्ये जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता, मग मॅग्नेटोने अख्खा गार्डच का उचलू नये? असं धरलं तर प्लास्टिक सुद्धा त्याला अडवू शकणार नाही. पण या सिनेमांनी त्याची ताकद धातूपुरती ठेवलीय आणि तो नियम पाळलाय. 2014 च्या डेज ऑफ फ्युचर पास्टमध्ये त्याला पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाच्या, खाली खोल कोंडलंय, दुसऱ्या महायुद्धात स्टीलचा तुटवडा असताना बांधलेली नुसती काँक्रीट आणि वाळूची खोली, वर काच, आणि तिथून सुटायला त्याला ती काच हाताने थरथरवून फोडणारा क्विकसिल्व्हर, हा प्रचंड वेगाने हालचाल करणारा मुलगा, लागतो. गार्ड तिथेही होते, अंगात रक्त असलेलेच.