पोरांच्या प्रश्नाला वर्गात उत्तर हवं
हवामान बदल शाळेत शिकवायचा तर सगळ्या पक्षांनी पाठीशी उभं राहावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं होतं. पुस्तक आलं, पण आमच्याकडे तो तास गणितालाच जातो.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. माझ्या लेकीची वही भिजली. एकेक पान सुटं करून उन्हात वाळवताना तिने विचारलं, "पप्पा, उन्हाळ्यात टँकर आणि आता एवढं पाणी, असं का?" मला धड सांगता आलं नाही.

आमदारांनी सभागृहात हा विषय लावून धरावा. शाळेत पर्जन्यमापक बसवा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या. मत मागायला येतील तेव्हा मी हेच विचारणार आहे.