लिव्हरमधला पू आणि माडीवरचं खापर

कोकणातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'लिव्हरमध्ये पू होतो तो माडी-दारूने. नळी टाकून पू काढला, गोळ्या घेतल्या, विषय संपला. मग आतड्यात कॅमेरा घालायला सांगतात तो निव्वळ धंदा.'

माडीचं अर्धं खरं आहे. अमीबा या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा गळू, म्हणजे लिव्हरमधली पुवाची पिशवी, पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतो. पण अमीबा पोटात जातो तो दूषित पाण्या-अन्नातून, न पिणाऱ्यांच्याही. शिवाय जिवाणूंमुळे होणारा गळू वेगळाच. मधुमेह असलेल्या, आयुष्यात थेंब न घेतलेल्या आजीलाही तो होतो. तिथे खापर कोणत्या माडावर फोडणार?

'पू काढला, विषय संपला' ही खरी घातक ओळ. आतड्यांतलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ असेल तर तिथल्या अस्तराला खिंडार पडतं, जंतू रक्तात शिरतात आणि यकृतात मुक्काम ठोकतात. तैवानमधल्या अभ्यासांत जिवाणूजन्य गळूच्या रुग्णांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त सापडला आहे, विशेषतः पुवात क्लेब्सिएला जंतू असताना. म्हणजे पू निघाला तरी तो आला कुठून, हे शोधायचं राहतंच. पित्ताचे खडे, अपेंडिक्स असं काही सापडलं तर उत्तर मिळालं. काहीच सापडलं नाही आणि वय पन्नाशीपुढे असेल, तर कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून करायच्या त्या तपासणीबद्दल, डॉक्टरांशी बोलायलाच हवं. बहुतेकांत कर्करोग निघत नाही. 'गळू म्हणजे कॅन्सरच' असं घाबरवणारेही आहेत, तेही तितकेच चूक.

राहिला धंदा. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो, लहान गाठ सहज निसटते. कोलोनोस्कोपीत छोटा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) दिसला तर बहुधा तिथल्या तिथे काढता येतो. खर्च होतो, शहर गाठावं लागतं, आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध म्हणजे तर छळच. म्हणूनच ती सरसकट नको. आधी पुवाचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे पुवात कोणता जंतू वाढला ते सांगणारा अहवाल, मागून घ्या. अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असेल तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही, तेवढ्यावरून अमीबाचा शिक्का मारायचा नाही. कोलोनोस्कोपी भर तापात करायची नसते. गळू बरा होत आला की काही आठवड्यांत उरकावी. मात्र शौचातून रक्त जात असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर मूळव्याध समजून 'आंब्याचा हंगाम आटपू दे, मग बघू' म्हणत थांबू नका.